सभा तहकूब झाली, आपला विषय कुठे गेला?

(शहरी आणि ग्रामीण कार्यकर्त्यांच्या एकत्रित शिबिरात केलेलं भाषण)



सकाळच्या गटचर्चेत एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी तीनदा आला. 'आम्ही महापालिकेवर मोर्चा नेला. निवेदन दिलं. साहेबांनी दोन्ही हातांनी घेतलं, फोटोही निघाला. मग पुढे काय झालं?' मला या 'पुढे काय झालं'बद्दलच बोलायचं आहे. मोर्चा कसा काढायचा हे इथे बसलेल्या बायकांना मी शिकवायला नको. पण निवेदन साहेबांच्या हातातून निघालं की ते कोणत्या टेबलावर जातं, कोणत्या सभेत कोणत्या शब्दांत मांडलं जातं आणि कोणत्या शब्दाने त्याचा निकाल लागतो, हे आपल्यातल्या फार थोड्या जणींना ठाऊक आहे. ते ठाऊक नसावं अशीच सगळी रचना आहे, असं मला वीस-बावीस वर्षं गॅलरीत बसून वाटायला लागलं आहे.

पहिली गोष्ट. महापालिका म्हणजे एक माणूस नाही आणि एक सभाही नाही. मुंबईसाठी १८८८ चा वेगळा कायदा आहे, राज्यातल्या इतर महापालिका १९४९ च्या कायद्यावर चालतात. त्यात सर्वसाधारण सभा, स्थायी समिती आणि आयुक्त ही अधिकाराची वेगवेगळी ठिकाणं आहेत. आपण बहुधा महापौरांना निवेदन देतो, कारण नाव मोठं. पण महापौर सभा चालवतात. पैशाची गाठ असते स्थायी समितीकडे. १९४९ च्या कायद्याखालच्या महापालिकेत ही समिती सोळा नगरसेवकांची असते. दरवर्षी त्यातले निम्मे निवृत्त होऊन नवे येतात, आणि कोणत्या पक्षाचे किती, हे सभागृहातल्या संख्याबळावर ठरतं. मोठ्या ठेक्यांना मंजुरी इथे मिळते. आयुक्तांचं अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेत जाण्याआधी इथेच येतं, इथेच त्यात भर पडते आणि इथेच कापाकापी होते. सर्वसाधारण सभेला पत्रकार असतात, गॅलरी असते, आरडाओरडा असतो. स्थायी समितीची बैठक आठवड्याला होते आणि बाहेर शिपाई स्टुलावर बसलेला असतो. आपला मोर्चा मात्र सर्वसाधारण सभेच्या दिवशीच जातो!

आता महिला व बालकल्याण समितीचं बघा. बाईचा विषय आला की अधिकारी गोड आवाजात सांगतात, 'ताई, तुमची ती समिती आहे ना, तिकडे द्या.' संडास? तिकडे द्या. रस्त्यावरचे दिवे? तिकडे द्या. या समितीसाठी अंदाजपत्रकातला ठरावीक हिस्सा राखून ठेवायचा असतो, पाच टक्के असा शासनाचा दंडक आहे. पण त्यातून वर्षानुवर्षं काय निघतं? शिलाई मशीन, ब्यूटी पार्लरचे वर्ग, हळदीकुंकवाच्या वेळचे मेळावे. शिलाई मशीनशी माझं भांडण नाही. पण दिवे विद्युत विभागाचे, पाणी पाणीपुरवठ्याचं, संडास आरोग्य किंवा झोपडपट्टी सुधारणा विभागाचे. त्या त्या खात्याच्या तिजोरीला हात न लावता बायकांना एका कोपऱ्यात बसवण्याची ती सोय होते. आणि त्या कोपऱ्यातला पैसाही वर्षअखेर शिल्लक राहिला की त्याचं 'वर्गीकरण' होतं. हा शब्द लिहून घ्या. वर्गीकरण म्हणजे एका कामासाठी ठेवलेला निधी ठराव करून दुसऱ्या कामाकडे वळवणं. ऐकायला किती निरुपद्रवी! शाळेत मुलांना शिकवतात तसलं काही वाटतं.

आमच्या वस्तीतल्या संडासाचा विषय सांगते, म्हणजे बाकीचे शब्द समजतील. वस्तीत सार्वजनिक संडास होता, बायकांच्या बाजूच्या दारांना कड्या नव्हत्या, दिवा नव्हता. मुली रात्री जायच्या नाहीत, संध्याकाळपासून पाणी पिणं बंद. नवा संडास बांधावा असा प्रस्ताव एका नगरसेविकेने दिला, तो सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आला. आम्ही नगरसचिव कार्यालयातून गॅलरीचे पास काढले. चाळीसेक बायका आल्या. बहुतेक धुणीभांडी करणाऱ्या, म्हणजे प्रत्येकीचा खाडा झालेला. सभा सुरू झाली. दुखवट्याचा ठराव मांडला गेला, सगळे उभे राहिले, आम्हीही उभ्या राहिलो. दोन मिनिटांनी जाहीर झालं, श्रद्धांजली म्हणून सभा तहकूब. शेजारची बाई मला विचारते, 'कोण वारलं? आपल्या वस्तीतलं होतं का?' वारलेल्या माणसाबद्दल आदर ठेवूनच सांगते, की दुखवट्याने सभा तहकूब करण्याची ही रीत आपल्याकडे पुष्कळ महापालिकांत आहे, आणि ज्या दिवशी सत्ताधाऱ्यांना एखादा अडचणीचा विषय टाळायचा असतो त्या दिवशी ती फार उपयोगी पडते.

पुढच्या वेळी आमचा विषय होता, पण पत्रिकेत इतका खाली की संध्याकाळपर्यंत सभा तिथवर पोचलीच नाही. मात्र पत्रिकेत नसलेला एक ऐनवेळचा विषय पाच मिनिटांत मंजूर झाला. तिसऱ्या वेळी विषय आला आणि 'आयुक्तांच्या अभिप्रायासाठी पाठवावा' असा ठराव झाला. गॅलरीत आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मंजूर झाला. अभिप्राय यायला आठ महिने लागले.

हे शब्द आपण म्हणी पाठ करतो तसे पाठ करायला हवेत. 'अभिप्रायासाठी' म्हणजे विषय परत अधिकाऱ्याकडे गेला. 'दफ्तरी दाखल' म्हणजे मेला, फक्त जाळला नाही. 'पुढील सभेपर्यंत तहकूब' म्हणजे पुढची सभा कधी होईल ते त्यांच्या मनावर. 'उपसूचनेसह मान्य' हा सगळ्यात लबाड. मूळ विषय तुमचा असतो, त्याला आयत्या वेळी एक उपसूचना चिकटवली जाते, आणि संडासाच्या ठरावातून भलत्याच कुणाच्या भिंतीचं काम निघतं. म्हणून 'मान्य' हा शब्द ऐकून घरी जायचं नाही. त्याच्या मागेपुढे काय आहे ते वाचायचं. ठराव झाला तरी आयुक्त तो शासनाकडे पाठवू शकतात आणि शासन तो निलंबित करू शकतं, हेही लक्षात असू द्या.

आमचा संडास शेवटी झाला तो सर्वसाधारण सभेतल्या भाषणाने नाही. अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे येण्याच्या आधी आम्ही सोळापैकी अकरा सदस्यांच्या घरी जाऊन आलो. सकाळी, ते चहा घेत असताना. काही ठिकाणी त्यांच्या बायकोशी आधी बोललो. वस्तीचं नाव आणि कामाचं नाव असलेली एक ओळ अंदाजपत्रकात आली. तेवढीच हवी होती. इमारत झाली. नळजोड मात्र सहा महिने नव्हता, कारण तो दुसऱ्या खात्याचा. असो.

आता गणपूर्तीचं. सभेचं काम कायदेशीर व्हायला किमान किती सदस्य हजर हवेत ती संख्या म्हणजे गणपूर्ती. यातली मेख अशी, की ती एकूण सदस्यांवर मोजतात, त्या दिवशी आलेल्यांवर नाही. संसदेचं उदाहरण घ्या. राज्यघटनेप्रमाणे एकूण सदस्यांच्या एक दशांश, म्हणजे लोकसभेच्या ५४३ पैकी ५५ हजर असले की पुरे. एवढे थोडे! आणि महापालिकेतही अध्यक्षस्थानी बसलेली व्यक्ती रोज डोकी मोजत नाही. संख्या कमी आहे हे कुणी तरी निदर्शनास आणून द्यावं लागतं, तेव्हाच मोजणी होते. कुणीच बोललं नाही, तर अर्ध्या रिकाम्या सभागृहात कोट्यवधींचे विषय सरकतात. दुपारी तीन ते पाच ही वेळ त्यासाठी फार चांगली असते. जेवण झालेलं असतं, पत्रकार गेलेले असतात.

गॅलरीतून आपल्याला बोलता येत नाही. बोललो तर बाहेर काढतात. पण मोजता येतं. आमच्यातल्या दोघी वही घेऊन बसतात आणि दर अर्ध्या तासाला डोकी मोजून वेळेसह लिहितात. आत आपली एखादी ओळखीची नगरसेविका असेल तर चिठ्ठी पाठवायची. ती उठून 'गणपूर्ती नाही' एवढे दोन शब्द म्हणाली की पुरे. अर्थात हे शस्त्र दुधारी आहे. आपला विषय चर्चेत असताना विरोधातले लोक हळूच उठून चहाला जातात आणि त्यांच्यातला एक मागे राहून हेच दोन शब्द म्हणतो. म्हणून आपला विषय असेल त्या दिवशी आपल्या बाजूच्या नगरसेवकांना दारातून बाहेर जाऊ न देणं, हेही कामच. कॉरिडॉरमध्ये दहा बायका नुसत्या उभ्या असल्या तरी फरक पडतो.

गावाकडून आलेल्या बहिणींना वाटत असेल, हे शहराचं रडगाणं आम्हाला कशाला? तर उलट आहे. माझ्या मते गावातल्या बाईकडे जे आहे ते शहरातल्या बाईकडे नाही. गावातली प्रत्येक मतदार बाई ग्रामसभेची सदस्य आहे. निवडून न येता. ती उठून हिशेब विचारू शकते, ठराव मांडू शकते. शहरातली बाई प्रेक्षक आहे. २४ एप्रिल १९९३ ला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली, १ जूनला चौऱ्याहत्तरावी. दोन्ही सख्ख्या बहिणी म्हणायच्या, पण एकीने गावाला ग्रामसभा दिली आणि दुसरीने शहराला तशी सभा दिलीच नाही.

पण असलेल्या ग्रामसभेचं आपण काय करतो? नियम असा, की एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती. गावात चारशे मतदार असतील तर साठ माणसं लागतात. पाच हजार असतील तरी शंभरच पुरतात, म्हणजे शेकडा दोन. आणि त्या शंभरात बायका किती हे गणपूर्तीत कुणी विचारत नाही. म्हणून तर नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद करावी लागली. किती गावांत ती खरोखर होते? हात वर करा पाहू. ... हो, आणि वहीत किती गावांत झालेली असते? तुम्हीच हसताय.

वहीचीच तर गोष्ट आहे. सभेला पंचवीस माणसं असतात, मग शिपाई वही घेऊन घरोघर जातो. 'काकू, इथे एक सही करा, योजनेचं आहे.' काकू चुलीपुढून उठून सही करतात. झाली गणपूर्ती! काकूंनी न ऐकलेल्या ठरावाला काकू हजर. वही घरी आली तर सही करू नका, एवढं एक जरी इथून घेऊन गेलात तरी माझं येणं फुकट गेलं नाही. सासऱ्यांनी सांगितलं तरी करू नका. म्हणा, वाचून दाखवा, मग करते.

दुसरी फट तहकुबीची. गणपूर्ती झाली नाही म्हणून ग्रामसभा तहकूब झाली, तर त्या तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. कितीही कमी माणसांत ती होते. नियमामागचा हेतू वाईट नव्हता, कुणी येत नाही म्हणून गावाचं काम अडू नये एवढाच. पण बऱ्याच गावांत पहिली सभा पडू देतात आणि दुसऱ्या सभेत दहाजणांत उरकतात. म्हणून तहकूब झाल्याचं कळलं की तिथेच उभं राहून विचारायचं, 'पुन्हा कधी? कुठे? किती वाजता?' आणि ते वहीत लिहून घ्यायचं. त्या दुसऱ्या सभेत पहिल्या पत्रिकेबाहेरचा विषय घ्यायचा नसतो, त्यावर तर घारीसारखी नजर ठेवायची.

मोजणी कशावर होते हा मुद्दा किती जिव्हाळ्याचा आहे, हे दारूबंदीच्या लढ्यातल्या बायकांना विचारा. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा शहरातल्या वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की दुकानावर मतदान घेता येतं. उभी बाटली की आडवी बाटली. पण आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मतं हवीत ती आलेल्या बायकांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक. यादीत मेलेल्या बायका असतात, लग्न होऊन गेलेल्या मुली असतात, ऊसतोडीला गेलेल्या असतात. त्या सगळ्या आणि घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात पडते. आमदार निवडून यायला असली अट नाही. दारूचं दुकान बंद करायला आहे! म्हणून अर्ज करण्याआधी मतदार यादी दुरुस्त करून घेणं हेच त्या लढ्याचं पहिलं काम.

परत शहराकडे येते. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या असायला हव्यात, असं घटनाच सांगते. आपल्या राज्याच्या कायद्यात त्या समितीवर त्या भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य नेमता येतात. ही जागा आपल्यासाठी आहे, पण नेमणूक करतात नगरसेवकच, आणि मग त्या खुर्चीवर कुणाचा तरी कार्यकर्ता, कुणाचा तरी मेहुणा येऊन बसतो, किंवा जागा रिकामीच राहते. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभाही आली, मतदान केंद्राच्या भागातल्या मतदारांची सभा, म्हणजे शहराची छोटी ग्रामसभाच. कागदावर सुंदर. मी आजवर अशी एकही सभा पाहिलेली नाही. कुणी पाहिली असेल तर जेवताना मला जरूर भेटा.

त्यातल्या त्यात पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवण्याची पद्धत सुरू झाली. पदपथ, बाक, स्वच्छतागृह अशी छोटी कामं अर्ज भरून सुचवायची, ती क्षेत्रीय कार्यालयातून प्रभाग समितीपुढे जातात. अर्ज भरणाऱ्यांत सोसायट्यांतले लोक पुढे असतात, वस्तीतल्या बायकांना तारीख कळेपर्यंत मुदत गेलेली असते. मुदत कळवण्याचं काम आपल्या गटांनी अंगावर घ्यावं.

आणि मुंबईच्या विकास आराखड्याचं उदाहरण मला धीर देतं. २०१५ मध्ये पहिला मसुदा आला, त्यावर हरकतींचा असा पाऊस पडला की तो मागे घ्यावा लागला. २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला. त्या सगळ्या काळात स्त्रियांच्या गटांनी नुसता विरोध केला नाही, तर नोकरी करणाऱ्या बायकांची वसतिगृहं, पाळणाघरं, फेरीवाल्या बायकांच्या जागा, स्वच्छतागृहं यांवर कलमवार सूचना लिहिल्या आणि सुनावणीला जाऊन मांडल्या. विकास आराखड्यात हरकत-सूचना देणं आणि सुनावणी मागणं हा नगररचनेच्या १९६६ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. शहरातल्या बाईला गॅलरीतून खाली येऊन बोलता येतं असं हे एक ठिकाण. तिथे मी किती बायका पाठवल्या याचा हिशेब मला मोर्चाच्या संख्येइतकाच महत्त्वाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र मला फार खुपते. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि निवडणुका नाहीत म्हणून राज्यभर प्रशासक आले. वर्षानुवर्षं सभागृह नाही, स्थायी समिती नाही, महिला व बालकल्याण समिती नाही. एकच अधिकारी आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून त्यालाच मंजुरी द्यायचा. एका माणसाची गणपूर्ती! २०११ मध्ये आपण स्थानिक संस्थांत पन्नास टक्के जागा मिळवल्या होत्या. त्या पन्नास टक्क्यांचं त्या काळात काय झालं? शून्याचे पन्नास टक्के शून्यच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. काही जण म्हणाले, प्रशासकाच्या काळात कामं लवकर होत होती. असतील. कुणाची, हे त्यांनी सांगितलं नाही. नगरसेविकेचे पती सभागृहाबाहेर बसून कारभार करतात यावर आपण टीका करतो ती रास्तच आहे, पण तिला निदान वस्तीतली बाई रस्त्यात अडवून जाब विचारू शकते. प्रशासकाला कुठे अडवणार?

वेळ होत आली, म्हणून लगेच करण्यासारखं एक काम सांगून थांबते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे. कोणकोणत्या समित्या आहेत, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त लोकांना मिळू शकतं का, हे प्रत्येक कार्यालयाने न मागता जाहीर करायचं असतं. बहुतेक करत नाहीत. तेव्हा आपल्या महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला अर्ज लिहायचा. मागायचं एवढंच: गेल्या एका वर्षातल्या प्रभाग समितीच्या सर्व बैठकांच्या तारखा, प्रत्येक बैठकीतली हजेरी, मंजूर ठरावांच्या प्रती, आणि महिला व बालकल्याणाच्या तरतुदीतून वर्गीकरण झालेल्या रकमांची यादी. 'का' आणि 'कशासाठी' असले प्रश्न अर्जात घालू नका, त्यांवर ते उत्तर टाळतात. कागद मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तोही नाही, फक्त पुरावा जोडायचा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पोच घ्यायला विसरू नका. अर्जाचा नमुना मी पलीकडच्या टेबलावर ठेवला आहे, गावाकडच्यांसाठी ग्रामपंचायतीचा वेगळा आहे, पिवळ्या कागदावर.